भूल नको, इंजेक्शन द्या

आमच्या बापाचा उजवा हात म्हणजे घरातलं सर्वोच्च न्यायालय. त्या हाताने त्याने मिठागरात फावडं चालवलं आणि उरलेला जोर माझ्या गालावर काढला. गेल्या वर्षी, स्वतःच हट्टाने पसंत केलेल्या गुळगुळीत टाइलवर तो घसरून आपटला. मानेतली नस दबली आणि तो हात लुळा पडला. डॉक्टर म्हणाले, ऑपरेशन केलं नाही तर हात कायमचा गेला म्हणून समजा.

बाप तयार होता. माती मीच खाल्ली. डॉक्टरांचं हिंदीतलं ‘बेहोश करेंगे’ मी त्याला ‘भूल देणार’ असं सांगितलं. आता आमच्या खारपट्टीत भूल म्हणजे चकवा, आणि तो लागतो मिठागराच्या बांधावर. आजोबा म्हणे एकदा भर दुपारी स्वतःच्याच घराला तीन चकरा मारून घर शोधत बसले होते. बाप खाटेला चिकटला. ‘‘मना भूल न्हाय पायजे,’’ एवढंच म्हणाला.

भूल देणाऱ्या डॉक्टरबाई समजूतदार. त्यांनी मला सांगितलं की भुलीच्या काही औषधांमुळे दुखावलेल्या नसेचं पुढचं नुकसान कमी होतं, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलंय. पण माणसाचं अजून खात्रीने सांगता येत नाही. मी बापाकडे जाताना वाटेत उंदीर गाळले. म्हटलं, ही भूल नाहीच रे, नस वाचवायचं इंजेक्शन आहे, झोप वर फुकट. बाप लगेच राजी झाला.

ऑपरेशन झालं. चार दिवस हात जागचा हलेना. खोटं बोलून आणलं आणि हातही गेला, या विचाराने माझी जाम फाटली होती.

पाचव्या दिवशी बाई तपासायला आल्या. बापाने आपल्या मोडक्या हिंदीत विचारलं, नसचा इंजेक्शन लागू पडला काय? त्या बिचाऱ्या सरळ. त्यांनी उंदरांसकट सगळं सांगून टाकलं. नस मोकळी केलीय ती ऑपरेशनने, भुलीचा उपयोग झाला की नाही देव जाणे, असंही म्हणाल्या.

बापाने मला जवळ बोलावलं. पाणी हवं असेल म्हणून मी वाकलो.

‘‘उंदीर हाय का रं मी?’’

आणि चादरीखालून उजवा हात आला. डाससुद्धा मेला नसता, अशी ती थप्पड. मी भर वॉर्डात भोकाड पसरलं. बाप स्वतःच्या हाताकडे बघत राहिला.

मी दुसरा गाल पुढे केला. म्हटलं, ‘‘बाबा, अजून एक मार.’’