मधला पडदा

घरात कुठलीही वस्तू जराशी बिघडली की आमच्या वन्सं एकच वाक्य बोलायच्या, "टाका फेकून." कपाचा कान तुटला, टाका फेकून. छत्रीची काडी वाकली, टाका फेकून. स्वतः शिवलेल्या झग्याची शिवण तिरकी गेली तर अख्खा झगा उसवायच्या, आणि दुसऱ्यांदाही मनासारखा झाला नाही तर त्याचं फडकं व्हायचं. माझ्या नवऱ्याची ही थोरली बहीण. लग्न केलं नाही, शाळेत विज्ञान शिकवतात. आमचे हे म्हणतात, "बरं झालं केलं नाही. पहिल्या सर्दीलाच ताईने नवरा दाराबाहेर ठेवला असता."

हे मी कौतुकाने सांगतेय असं कुणी समजू नये. त्यांच्याबरोबर एका स्वयंपाकघरात वावरायचं म्हणजे रोजची परीक्षा. पण शिकवतात जीव ओतून, हेही खोटं नाही. या वर्षी त्यांच्या मनाने घेतलं की मुलांना रक्ताभिसरण हाताने करून दाखवायचं. "घडाघडा म्हणतात हो, उजवी कर्णिका, डावी जवनिका," त्या वैतागून म्हणाल्या, "आणि हृदय कुठे आहे विचारलं की पोटावर हात ठेवतात."

मग काय, माझ्या ओट्याचा कारखाना झाला. साखरेचा चौकोनी पारदर्शक डबा मला विचारून घेतला, म्हणजे आधी रिकामा केला आणि मग विचारलं. त्यात प्लास्टिकचे पडदे बसवून चार कप्पे केले. रबरी हातमोजे कापून झडपा केल्या. रक्तदाब मोजायच्या यंत्राचे दाबायचे फुगे आले, सलाइनच्या नळ्या आल्या. एका बाजूला लाल पाणी, दुसऱ्या बाजूला निळं. फुगा दाबला की निळं पाणी नळीतून फुफ्फुसाच्या बाटलीत जाऊन पडायचं, आणि शेजारच्या बाटलीतून लाल पाणी हृदयात यायचं.

"मग ते निळ्याचं लाल कधी झालं?" मी विचारलं.

"ते समजून घ्यायचं, वहिनी."

"उद्या आमटी अळणी झाली तर मीही तुम्हाला हेच सांगेन."

हसल्या. त्या दिवसांत खूप खुशीत होत्या. मधला पडदा त्यांनी माशांची काचेची पेटी जोडायला वापरतात त्या सिलिकॉनने चिकटवला होता. लाल आणि निळं वेगळं राहणं त्या पडद्यावरच अवलंबून. आम्ही पाणी भरून बघितलं, थेंबभर इकडचं तिकडे गेलं नाही. पण सिलिकॉन थोडं फुगून बाहेर आलं होतं, ओबडधोबड दिसत होतं. झालं. शाळेत न्यायच्या आदल्या दिवशी बाईसाहेबांनी ते सगळं सुरीने खरवडून काढलं आणि नव्याने, पट्टीने आखल्यासारखी बारीक रेघ ओढून पडदा चिकटवला.

"उद्यापर्यंत वाळेल का ते?" मी म्हटलं.

"न वाळायला काय झालं?"

त्यांच्या वर्गात एक मुलगी आहे. सगळे तिला चिमणी म्हणतात. तिच्या हृदयाच्या मधल्या पडद्याला जन्मापासून भोक आहे, आणि ते अख्ख्या वर्गाला ठाऊक आहे. जिना चढली की तिला धाप लागते, खेळाच्या तासाला ती पायरीवर बसून इतरांच्या चपला सांभाळते. हे मला वन्संनीच कधीतरी सांगितलं होतं. म्हणजे त्यांना माहीत नव्हतं असं अजिबात नाही.

दुसऱ्या दिवशी बाटल्या सांभाळायला मी त्यांच्याबरोबर वर्गात गेले. मुलं रांगेने टेबलापाशी येत होती, एकेक जण फुगा दाबत होता. निळं पाणी बाटलीत पडलं की सगळा वर्ग "हो" करून ओरडायचा. चिमणी रांगेत होती. बाही आधीच कोपरापर्यंत सारून ठेवलेली, जसं काही हात आत घालून हृदय बाहेर काढायचं होतं. तिच्यापुढे एकच मुलगा राहिला होता. त्याने दणकून फुगा दाबला, आणि पडद्याच्या खालच्या कोपऱ्यात लाल रंगाचा धागा दिसला. मग निळ्या कप्प्यात जांभळा रंग पसरायला लागला.

"बाई, जांभळं रक्त!" कुणीतरी ओरडलं. वर्ग खो-खो हसला.

वन्संचा तो चेहरा मला ओळखीचा आहे. शिवण तिरकी गेली की असाच होतो. "पडद्याला भोक राहिलं," त्या कडाडल्या. "गेलं हे हृदय. टाका फेकून! असलं हृदय ठेवून करायचंय काय?"

हसणं एकदम थांबलं. मुलांच्या माना एकामागून एक चिमणीकडे वळल्या. तिने सारलेली बाही हळूच खाली केली, मनगटाचं बटण लावलं आणि विचारलं, "बाई, पाणी प्यायला जाऊ?"

"जा," वन्सं म्हणाल्या.

बटण लावताना त्यांनी तिला बघितलं होतं. तेव्हाच त्यांना कळलं, कारण त्यांचे कान लालभडक झाले. आणि त्या पोरीच्या मागे धावायचं सोडून माझ्या नणंदेने काय केलं? डबा उचलला, पाणी बेसिनमध्ये ओतलं आणि डबा नळ्यांसकट मागच्या कचरापेटीत टाकून आल्या. चिमणी परत वर्गात आली नाही. तिचं दप्तर मैत्रिणीने नेलं.

घरी आल्यावर त्या खुर्चीच्या कडेवरच टेकल्या. "वहिनी, मी डब्याबद्दल बोलत होते."

"तुम्ही बोलत होता डब्याबद्दल. ऐकणाऱ्यांनी काय ऐकलं ते तुम्ही बघितलंत."

"लहान आहे. विसरेल."

मग त्यांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं आणि म्हणाल्या, "लाज वाटते हो. तोंड दाखवायला लाज वाटते." मला कीव आली, रागही आला. तोंड दाखवायला लागणार होतं, आणि तेही चिमणीलाच.

चिमणी पुढे शाळेत आलीच नाही. शेवटी वन्सं तिच्या घरी निघाल्या. एकटीचा पाय उचलेना, म्हणून मला घेतलं.

चिमणीची आई घरीच लोकांचे कपडे इस्त्री करते. आम्हाला बघून तिची धांदल उडाली. खुर्चीवरचे शर्ट उचलले, खुर्ची पदराने पुसली, आम्हाला पाणी दिलं. वन्संनी पेला हातात घेतला, पण तो काही त्यांच्या तोंडापर्यंत जाईना.

"बाई, देवासारख्या आलात," आई म्हणाली. "पुढच्या आठवड्यात हिला ऑपरेशनला न्यायचंय. इतके दिवस हसत तयार होती, आणि आता एकदम हट्टाला पेटलीय. येत नाही म्हणते. विचारलं तर तोंड उघडत नाही. घरात सारखं तुमचं नाव असतं, तुमचं ऐकेल ती. तुम्ही सांगा ना."

म्हणजे पोरीने घरी अवाक्षर काढलं नव्हतं. आपल्या बाईंना सांभाळून घेतलं होतं तिने! आता गप्प बसायला वन्संना अगदी मोकळं रान होतं. चार समजुतीचे शब्द बोलायचे आणि वर आभार घेऊन निघायचं. मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी पेला तसाच भरलेला खाली ठेवला.

"माझ्यामुळे झालंय ते," त्या म्हणाल्या. मग वर्गात जे बोलल्या होत्या ते त्यांनी शब्द न शब्द सांगितलं. 'टाका फेकून'सुद्धा गाळलं नाही.

आईने इस्त्री उभी केली. "माझ्या मुलीला असं बोललात?"

"तिला नाही, ते..." वन्सं थांबल्या. "हो. तिच्यासमोर बोलले."

आई पुसलेल्या खुर्चीकडे बघत होती. मग म्हणाली, "मला कशाला सांगता? तिला सांगा."

चिमणी आतल्या दारात उभीच होती. सगळं ऐकलं असणार. वन्संनी मान वर न करता म्हटलं, "माझं चुकलं गं. फार चुकलं."

त्या माफीकडे तिने लक्षच दिलं नाही. तिच्या मनात वेगळंच घोळत होतं. "बाई, ते बंद नव्हतं पडलं. जांभळं झालं तरी बाटलीत पाणी येत होतं. मी बघत होते."

"हो, येत होतं."

"तुम्ही फेकलंत?"

खोटं बोलायला एक क्षण मिळाला होता. "हो," वन्सं म्हणाल्या. "फेकलं."

"माझी पाळी यायची होती," चिमणी म्हणाली.

वन्संच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. "मी दुसरं करते. पहिली पाळी तुझी."

"त्याला भोक असेल?"

"ठेवू?"

चिमणीने मान डोलावली. "ते चालतं का बघते. मग जाईन दवाखान्यात."

रविवारी दुपारी मी डाळीचा डबा आपणहून रिकामा करून दिला. या वेळी बाकीच्या पडद्यांचं सिलिकॉन फुगून बाहेर आलं तरी वन्संनी त्याला सुरी लावली नाही. मधला पडदा चिकटवायच्या आधी त्यांनी जाड सुई गॅसवर तापवली, प्लास्टिकजवळ नेली आणि तिथेच थांबल्या. सुई गार झाली, पुन्हा तापवली, पुन्हा थांबल्या.

"काय झालं?" मी विचारलं.

"केवढं भोक पाडू?"

"तिचं आहे तेवढं पाडा. त्यात काय विचारायचं?"

वन्संनी सुई ओट्यावर ठेवली. "पहिल्या दिवसापासून माझ्या वर्गात बसते ती," त्या म्हणाल्या. "केवढं आहे ते मी तिला कधी विचारलंच नाही हो, वहिनी."