मिस्सेच्या वाटेवरची हातबत्ती

नव्वदीच्या दशकात काही वर्षं मला मनापासून वाटायचं, की पश्चिम रेल्वे माझ्या भरवशावर चालली आहे. म्हणजे मी वालीवच्या एका गाळ्यात सुपरवायझर होतो आणि तिथे हातबत्त्या बनत. गार्ड आणि फाटकवाले हातात धरून लाल-हिरवा दाखवतात ना, त्या. वर धरायला कडी, पोटात सेल आणि तोंडाशी गोल चकती. चकती फिरवली की रंग बदलतो. माझं काम एवढंच, की चकती अडकत नाही ना ते बघायचं आणि डब्यावर खडूने खूण करायची. पण घरी जेवायला बसलो की मी असा बोलायचो, जणू माझी खूण नसेल तर विरारच्या पुढे गाडी हलणार नाही. बाबा घास घेता घेता विचारायचे, "मग आज सोडल्यास का गाड्या?"

आमचं गाव सांडोर. केळीची आणि भाजीची वाडी, विहीर, आणि त्या वाडीतून वर्षानुवर्षं बाहेर न पडलेले बाबा. घरात आम्ही आमच्या बोलीत बोलतो. इथे शाळेतल्या मराठीत लिहितोय, नाहीतर निम्म्या वाचकांना शेजारी बसून अर्थ सांगावा लागेल.

आई रोज पहाटेच्या मिस्सेला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, जायची. आजारपण सोडलं तर एक दिवस चुकवला नसेल. अंधारात उठायचं, लाल लुगडं नेसायचं, शेजारच्या मावशीला हाक मारायची, पुढे आणखी दोघी मिळायच्या आणि चौघी बोलत बोलत निघायच्या. दिवसभर वाडी, गुरं, आम्ही आणि आमच्या तक्रारी. तेवढी एक वाट तिची स्वतःची होती.

पण रस्ता बदलला होता. गावाच्या कडेने इमारती उठायला लागल्या आणि पहाटेपासून विटांचे, रेतीचे टेम्पो धावू लागले. रस्त्याला दिवे नाहीत, कडेला गटार, म्हणून बायका चालायच्या डांबरावरून. त्यात आईला डाव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नसे. डिसेंबरच्या सुरुवातीला एका टेम्पोने शेजारच्या मावशीला चाटून ढकललं. कोपर सोलवटलं, लुगडं फाटलं, नशीब म्हणून तेवढ्यावर निभावलं.

बाबांनी त्याच दिवशी सांगून टाकलं, "उद्यापासून बंद. रविवारी सगळ्यांबरोबर जा. देव घरी बसूनही ऐकतो."

आई वाद घालणारी नव्हेच. दुसऱ्या दिवशी पहाटे मी पाणी प्यायला उठलो तर ती लुगडं नेसून, केस विंचरून ओट्यावर बसली होती. चर्चची घंटा झाली. ती घंटा थांबेपर्यंत तिने हात जोडून ठेवले, मग उठली आणि चूल पेटवायला गेली. तिसऱ्या दिवशीही तेच. मला ते बघवेना.  आणि मला काही बघवेनासं झालं की मी डोकं चालवतो, ही आमच्या घराची जुनी साडेसाती आहे.

मी बाबांना म्हटलं, "हा प्रश्न तांत्रिक आहे." असंच म्हटलं, शब्द न् शब्द. "शेवटच्या डब्यामागे लाल दिवा असतो, तो लांबून दिसतो आणि मागची गाडी थांबते. यांच्या मागे लाल दिवा नाही, एवढंच काय ते."

बाबा म्हणाले, "बघ करून. पण पुन्हा काही झालं तर तुझी आई मिस्सेला जाणार नाही, आणि तू मला शिकवणार नाहीस."

शेठला विचारून मी एक नापास झालेली बत्ती घरी आणली. पत्र्याला पोचा आला होता, बाकी ठणठणीत. आता कुणीही साधा माणूस ती तशीच आईच्या हातात देऊन मोकळा झाला असता. पण मी डिप्लोमा केलेला. बायकांनी चकती फिरवून भलताच रंग लावला तर? म्हणून मी चकती लालवर आणली आणि डाख देऊन कायमची पक्की केली. चुकून बंद झाली तर? म्हणून बटणावर पत्र्याची पट्टी बसवली. ती पट्टी एका विशिष्ट कोनातून नखाने उचलल्याशिवाय बटण सापडणं शक्य नव्हतं. ती युक्ती मी फक्त आईला दाखवली आणि स्वतःवर इतका खूश झालो, की रात्री दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

रविवारी दुपारी ओट्यावर चौघींना बसवून मी प्रशिक्षण दिलं. 'प्रशिक्षण' हा शब्दही मीच वापरला, देव मला क्षमा करो. बत्ती शेवटच्या बाईने धरायची, तोंड मागे ठेवायचं, रस्त्यावर असेपर्यंत बंद करायची नाही. शेजारच्या मावशीने विचारलं, "याच्यात हिरवा पण असतो ना रे?"

"असतो. हिरवा दाखवला की गाडीने जायचं."

"मग तो नकोच. मेला टेम्पोवाला न दाखवताच जातो."

दुसरीला पांढरा उजेड हवा होता, पायाखाली बघायला. मी तिला समजावलं, की आपल्याला दिसणं महत्त्वाचं नाही, आपण दिसणं महत्त्वाचं आहे. ती आईकडे वळून म्हणाली, "पोरगा शिकला बरीक तुझा." मी ते कौतुक समजलो.

सोमवारी पहाटे चौघी निघाल्या. सगळ्यात मागे आई, हातात बत्ती. फाटकाशी उभा राहून मी तो लाल ठिपका वळणापर्यंत बघितला. काय छान दिसत होता. मग मी आत जाऊन पांघरुणात शिरलो.

पुढचं मला शेजारच्या मावशीने सांगितलं.

आमच्याकडे चर्चमध्ये आल्ताराजवळ, म्हणजे वेदीजवळ, एक लाल दिवा अखंड तेवत असतो. तो दिसला की प्रभू तिथे हजर आहे असं मानायचं आणि गुडघा टेकायचा. हे गावातलं शेंबडं पोरही जाणतं. आणि जुन्या काळी कुणी मरणाला टेकलं, की फादर त्याच्या घरी कम्युनियन, म्हणजे ख्रिस्तप्रसाद, घेऊन जायचे, तेव्हा पुढे एक माणूस दिवा आणि घंटी घेऊन चालायचा. वाटेतली माणसं असतील तिथे गुडघे टेकायची. ती प्रथा माझ्या लहानपणीच मोडली, पण म्हाताऱ्या माणसांच्या गुडघ्यांना ते कोण सांगणार?

मी स्वतः लहानपणी आल्तारावर सेवा केलेली आहे. त्या लाल दिव्यात तेल घातलेलं आहे. आणि तरीही लाल दिवा म्हटल्यावर मला आठवली ती फक्त रेल्वे.

तर चौघी चालल्या होत्या. मागून दूधवाला सायकलवर आला आणि वाट मिळावी म्हणून त्याने घंटी वाजवली. बाजूच्या आळीतून दोन म्हाताऱ्या भाजीच्या पाट्या घेऊन बाजाराला निघाल्या होत्या. त्यांना अंधारात काय दिसलं? शिस्तीत चालणारी माणसं, संथपणे हलणारा लाल दिवा आणि घंटी. दोघी तिथेच डांबरावर गुडघे टेकून बसल्या. त्या टेकल्या म्हणून आईच्या पुढच्या तिघी दचकून टेकल्या. सगळ्या टेकल्यावर आई एकटी उभी कशी राहील? तीही टेकली, बत्ती छातीशी धरून. तेवढ्यात मागून टेम्पो आला. आणि इथे मला नोंदवलंच पाहिजे, की तो थांबला. लाल दिवा आणि रस्ताभर गुडघ्यावर बसलेल्या बायका बघून ड्रायव्हरने इंजिन बंद केलं, खाली उतरला आणि बिचाऱ्याने हात जोडले. म्हणजे बत्ती तिच्या कामात पास झाली.

मिस्सा संपल्यावर आई आल्तारावरची फुलं बदलायला थांबली. अजून उजाडायचं होतं. तिने बत्ती पेटवून शेजारच्या मावशीकडे दिली, घरी ठेव म्हणून. मावशी आमच्या दारात आली आणि बत्ती बंद करायला लागली. चकती हलेना, बटण सापडेना. शेवटी कंटाळून तिने ती तशीच पेटती आमच्या दाराच्या खिळ्याला अडकवली आणि गेली आपल्या घरी.

फादर लाल दिवा घेऊन कुणाकडे तरी निघाल्याचं दोन म्हाताऱ्यांनी तोवर सांगून झालं होतं. दिवा कुणाच्या दारी थांबला, ते आता सगळ्या आळीला दिसत होतं. आणि घरात मरणाजोग्या वयाचा माणूस एकच, बाबा. हळूहळू लोक यायला लागले. कुणी मोसंबी आणली. एकीने अंगणातच जपमाळ सुरू केली. विहिरीच्या पाळीवरून ज्यांच्याशी बाबांचं बोलणं तुटलं होतं ते चुलतकाका रडत रडत आले, "भाऊ, माफ कर रे मला," असं म्हणत आत शिरले आणि मागच्या दाराने दात घासत येणाऱ्या बाबांवर आदळले. बाबांच्या तोंडात फेस होता. तो बघून काका आणखीच घाबरले.

आवाजाने मी उठून बाहेर आलो. बाबा चूळ भरून अंगणाच्या मधोमध उभे होते आणि जमलेल्या लोकांना विचारत होते, "कोण गेलं?"  माझी नजर खिळ्यावरच्या बत्तीकडे गेली आणि माझ्या डोक्यात सगळं एकदम लख्ख झालं. पळायला मात्र जागा नव्हती.

तेवढ्यात आई आली.

ती वळणावरूनच पळत आली असावी. तिने लांबून पाहिलं होतं ते एवढंच, की आपल्या अंगणात माणसं आहेत, जपमाळ चालली आहे आणि दारात लाल दिवा जळतोय. बत्ती तिने स्वतः पाठवलेली होती, पण त्या क्षणी ती बत्ती राहिली नसणार. तिच्या पायात एकच चप्पल होती. गर्दीतून वाट काढत ती आत आली, समोर बाबांना उभं पाहिलं आणि दोन्ही हातांनी त्यांचं मनगट धरलं. सगळ्या आळीसमोर. आमच्यात नवराबायको चारचौघांत एका बाकावरही बसत नाहीत. ती सोडेनाच. बाबाही उभे राहिले.  लोक एकेक करून निघून गेले. मोसंबी मात्र ठेवून गेले.

मग आईने माझ्याकडे पाहिलं. "तुझी अक्कल," ती म्हणाली, "जरा कमी असती तर आम्ही सुखात असतो."  मी पट्टी उचलून बत्ती बंद केली.

आता मिस्सा कायमची बंद होणार, हे मी धरूनच चाललो. अट माझ्यासमोर ठरली होती. दिवसभर मी बाबांच्या तोंडाकडे बघत होतो, पण ते वाडीत पाणी लावत राहिले.   रात्री आईने लुगडं घडी करून पेटीवर ठेवलेलं मी पाहिलं, आणि मला माझ्या डिप्लोमाची इतकी लाज वाटली, की काही विचारू नका.

पहाटे आवाजाने जाग आली. बाबा अंगात सदरा घालून, खिळ्यावरची बत्ती काढून ते बटण शोधत होते. मी जाऊन लावून दिलं. आई दारात उभी होती, काय चाललंय ते तिलाही कळत नव्हतं. "चल," बाबा तिला म्हणाले. "काल अर्ध्या गावाने मला पोचवलंय. बघू दे त्यांना हिंडता-फिरता." शेजारच्या मावशीचं कोपर पुन्हा सुजलं होतं, पुढच्या दोघींचं म्हणे अंग धरलं होतं. म्हणजे ही दोघंच.

मी अर्थात सूचना द्यायला फाटकापर्यंत गेलो. बत्ती मागे, तोंड मागे. बाबांनी ऐकलं, चक्क ऐकलं, आणि आईच्या मागे पाच-सहा पावलांवरून चालू लागले. आई थोडं चालली आणि मागे वळली. पुन्हा थोडं चालली, पुन्हा वळली. वाटेवरच्या आंब्याच्या झाडाशी पोचेपर्यंत निम्मा वेळ ती उलटीच चालत होती. मग ती थांबली.

"तुम्ही पुढे व्हा," ती म्हणाली. "मागे असलात की मला ऐकू येत नाही, तुम्ही आहात की नाही."

बाबा पुढे झाले. लाल बत्ती सगळ्यात पुढे, आणि मागे, जिथून टेम्पो यायचे तिथे, काळोखात माझी एका कानाने बहिरी आई. रेल्वेच्या कुठल्याही नियमात न बसणारी गाडी. मी ओरडून सांगणार होतो. तोंडही उघडलं होतं. मग लक्षात आलं, की या गाडीला मागे गार्डच नाही, आणि इतके दिवस पत्रा कापताना, डाख देताना, प्रशिक्षण देताना तो आपण व्हावं, हे माझ्या मनाला एकदाही शिवलं नव्हतं.

घरात सेलची साधी विजेरी होती. मी ती घेतली, तिच्या काचेवर आईचा लाल रुमाल गुंडाळला आणि लेंग्यावरच त्यांना गाठायला पळालो. गाठल्यावर धापा टाकत म्हटलं, "मी आहे मागे."

"बरं," आई म्हणाली.

मी चर्चपर्यंत मागून चालत गेलो. थंडीने दात वाजत होते. ती समोरच्या लाल दिव्याकडे बघत चालली होती, आणि माझ्यासाठी एकदाही मागे वळली नाही.