गिरणीवाल्याचा हातोडा

आमच्या पंचवटीतल्या गिरणीवाल्याचं नाव मला अजून ठाऊक नाही. माणूस सायखेड्याचा. पापण्यांवर कायम पीठ, आणि कोपऱ्यातल्या टीव्हीवर दिवसभर खुनाच्या मालिका. गिरणीच्या घरघरीत त्यातलं अक्षर ऐकू येत नाही, पण त्याचं काही अडत नाही. अंधाऱ्या खोलीत कोणी व्हिडिओ गेम खेळताना दिसला, की तो माझ्या कानाशी ओरडतो, "हाच खुनी! तिसरी लेव्हल झाली ना ताई, की डोळे लाल होत्यात. मग माणूस हत्यार घेऊनच उठतो." दरवेळी त्याचं बरोबर येतं, कारण मालिकावाल्यांनाही दुसरा खुनी सुचत नाही.

एकदा बाजरी दळून होईपर्यंत मी मोबाइलवर फळं कापायचा गेम खेळत बसले होते. त्याने चक्क गिरणी बंद केली.

"ताई, घरी सगळे बरे हायेत ना?"

मी भडकले. "अहो, कलिंगड कापायचं असतं नुसतं! खेळून तर बघा." आणि तिथल्या तिथे त्याच्या मोबाइलवर गेम घालून दिला.

दुसऱ्या दिवशी तो आमच्या दारात उभा. गिरणीच्या दगडाला टाकी लावायचा हातोडा फडक्यात गुंडाळून आणलेला.

"हा तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या. माझी तिसरी लेव्हल झाली."

टाकी न लागल्यानं दगड आता गुळगुळीत झालाय, दळण भरड येतं. हातोडा न्या म्हटलं, तर तो मान हलवतो. "नको ताई. अकरावी चालूय."

अख्खी गल्ली खरखरीत भाकरी खातेय. पण सगळे जिवंत आहेत, म्हणून मीही फार ताणत नाही.