पडद्याखालचे पाय

टेलरमास्तरांनी बाई ठेवलीय, ही कुजबूज आमच्या गल्लीत कोणी पसरवली म्हणाल, तर मीच. पुरावा भक्कम होता. मास्तरांचं दुकान म्हणजे पुढे फळी, मागे निळा पडदा, त्यामागे मशीन. पडदा जमिनीपासून वीतभर वर. एका सकाळी त्या फटीतून मला पॅडलवर बाईचे पाय दिसले. मास्तरांच्या बायकोचे, म्हणजे वहिनींचे, असणं शक्यच नव्हतं. लग्नानंतर त्यांनी एकदा कॉलर उलटी लावली, मास्तर गिऱ्हाइकांदेखत हसले, तेव्हापासून वीस वर्षं त्या दुकानाकडे फिरकल्या नव्हत्या.

त्यात मास्तरांनी नवी पाटी लावलेली: 'मापं संध्याकाळी सहानंतर.' सकाळी हाक मारली तर उत्तर नाही, नुसता मशीनचा खडखडाट. तो आवाज अजून कानात आहे. आणि काय शिलाई होती! माझं पोटसुद्धा त्यांच्या पँटमध्ये सभ्य दिसायचं.

शेवटी मला राहवेना. एक दिवस पडदा उचलला. आत वहिनी!

"भावोजी, आधी पडदा सोडा!" पाय न थांबवता त्या दबक्या आवाजात म्हणाल्या.

"तुम्ही? आणि मास्तर?"

"इस्पितळात. किडन्या कामातून गेल्यात. आठवड्यातून तीन सकाळी डायलिसिस."

"मग तेवढा वेळ दुकान बंद ठेवा की!"

"कावीळ झाली तेव्हा पंधरा दिवस ठेवलं होतं. निम्मी गिऱ्हाइकं कापड उचलून गेली, ती गेलीच. इथे मालक तेच, नोकर तेच. रजेचा अर्ज कुणाला द्यायचा?"

मी ओशाळलो. "बाहेर सांगतो, बाईबिई काही नाही म्हणून."

"खबरदार! बाईच्या नादी लागलेल्या शिंप्याकडे लोक कापड टाकतात हो, आजाऱ्याकडे नाही टाकत. उलट जरा मीठमसाला लावा."

लावला. दोन वर्षं मनापासून लावला. त्या बाईला मी घारे डोळे दिले, गाता गळा दिला. गिऱ्हाईक एकही तुटलं नाही. डोकावता यावं म्हणून बायका धडधाकट शर्टसुद्धा उसवून आणायच्या. संध्याकाळी माझ्या कमरेला टेप लावताना मास्तर, चेहरा पिवळा पडलेला, कानात म्हणायचे, "कशी आहे रे ती? मलाही दाखव की एकदा!"

आता मास्तर नाहीत, दुकानही नाही, म्हणून सांगतो. बाई नव्हती. मास्तर आजारी होते, तरी शिवायचे तेच, रात्री; आणि वहिनी दोरा न ओवलेलं मशीन चालवत बसायच्या.