परातीतलं मुसळ

पंचाण्णव सालच्या दिवाळीत सूर्यग्रहण लागलं, तेव्हा मी जामसरला विज्ञान शिकवायचो. पुठ्ठ्याला भोक पाडून मी सूर्याची कोर भिंतीवर दाखवली. शेजारच्या काकूंनी तिकडं बघितलंही नाही. त्यांनी परातीत पाणी ओतून मुसळ उभं केलं होतं. ते फक्त ग्रहणातच उभं राहतं, एरवी नाही, असं त्यांचं म्हणणं.

मला राहवेना. चार दिवसांनी त्यांच्याच ओट्यावर, त्यांच्याच परातीत मी तेच मुसळ उभं करत बसलो. अर्ध्या तासाने एकदाचं ते उभं राहिलं.

“बघा काकू, आज कुठं आहे ग्रहण?”

“दुसऱ्या मुलखात लागलं असंल, गुरुजी. इथनं दिसत नसंल.”

प्रत्येक ग्रहण सगळीकडून दिसत नाही, हे त्यांच्या मुलीला वर्गात मीच शिकवलं होतं.