मानधनाचे पेढे

तो ई-मेल येऊन वीस दिवस उलटल्यावर मी तो वाचला. ज्या पत्त्यावर तो आला होता, तो पत्ता मी पदवीच्या काळात काढला होता आणि आता तिथे फक्त सवलतींच्या जाहिराती येत. मजकूर सभ्य आणि थंड होता. आपल्या व्हिडिओ चॅनलवर प्रदीर्घ काळ नवीन काहीही प्रसिद्ध झालेले नाही. तीस दिवसांत झाले नाही तर जाहिरातींच्या उत्पन्नातला आपला सहभाग बंद करण्यात येईल. म्हणजे दहा दिवस उरले होते.

मी धाराशिवला एका माती-पाणी तपासणी प्रयोगशाळेत काम करते आणि उरलेल्या वेळात पीएच.डी.च्या प्रवेशाची तयारी करते. त्या दिवशी टेबलावर पाण्याचे अठरा नमुने होते. मी ई-मेल दोनदा वाचला, मिळकत किती क्षुल्लक आहे याचा मनाशी अंदाज घेतला आणि ठरवले की हे सोडून देणे हाच तर्कशुद्ध निर्णय आहे. वर्षातून एकदा, फार तर दोनदा, ठरलेली किमान रक्कम साठली की ती आप्पांच्या खात्यात पडे. त्यासाठी आता कोणाचा रविवार खर्च करायचा?

या हिशेबात मी एक गोष्ट धरलीच नव्हती. ती आप्पांनी फोनवर न सांगताच सांगितली. मी ई-मेलबद्दल बोलले, त्यावर ते म्हणाले, "म्हंजे औंदा पेढं न्हाईत."

आप्पा, म्हणजे माझे वडील, कळंबच्या एका शाळेत प्रयोगशाळा परिचर होते. तीस वर्षे. शाळेतले सगळे त्यांना 'मामा' म्हणत. शिक्षकही आणि मुलेही. बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षेच्या आदल्या दिवशी द्रावणे तेच बनवत. बाटल्यांवर चिकटपट्टीचे तुकडे लावून त्यावर तारीख घालत. कोणत्या ब्युरेटची, म्हणजे द्रावण थेंबाथेंबाने सोडायच्या आकड्यांच्या काचनळीची, तोटी गळते, कोणत्या तराजूचा काटा खोटे बोलतो, हे फक्त त्यांनाच माहीत असे. परीक्षेचे मानधन मात्र परीक्षकांना मिळे. ज्याचे मानधन येई त्याने जवळच्या वाशी तालुक्यातल्या खव्याचे पेढे शिक्षककक्षात आणायचे, असा तिथला जुना रिवाज होता. आप्पांनी तीस वर्षे ते पेढे खाल्ले. चॅनल निघेपर्यंत आणायची वेळ त्यांच्यावर कधी आली नाही.

टाळेबंदीत शाळा बंद होती आणि प्रयोगशाळेची किल्ली आप्पांकडे होती. मी तेव्हा बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते आणि घरी बसून वैतागले होते. मुख्याध्यापकांची परवानगी काढली, फोन स्टुलावर वह्यांच्या गठ्ठ्याला टेकवला आणि आम्ही बारावीचे प्रयोग चित्रित करू लागलो. चित्रात फक्त त्यांचे हात दिसत. पहिल्या व्हिडिओला मी प्रमाण मराठीत माझा आवाज दिला होता, दुसऱ्याला त्यांचा. दुसरा लोकांनी शेवटपर्यंत पाहिला. पुरावा स्पष्ट होता. मी बोलणे थांबवले. "आता घाई करायची न्हाय. थेंब थेंब. रंग ऱ्हातोय का जातोय, त्येवढंच बघायचं," असे ते सांगत, आणि खाली मुले लिहीत : धन्यवाद सर. सर, तुमच्यामुळे समजलं. सर, पुढचा प्रयोग कधी?

आप्पा रोज सकाळी चहाबरोबर ते वाचत. मोठ्याने नाही. ओठ हलत तेवढेच.

त्यांचा एक नियम होता, आणि त्यावरून आमचे भांडण झाले होते. सुरुवातीच्या एका व्हिडिओत आम्ही ब्युरेटचे रीडिंग स्पष्ट दाखवले होते. शाळा उघडल्यावर जर्नल्स तपासायला आली, तर वर्गातल्या यच्चयावत मुलांचे रीडिंग तेच. कोणाच्या द्रावणाची तीव्रता वेगळी, कोणाची ब्युरेट वेगळी, तरी आकडा दशांशापर्यंत एक. एका सरांनी आप्पांना बोलावून म्हटले होते, "मामा, तुमच्या ब्युरेटनं अख्खी बारावी पास झाली बघा." तेव्हापासून आप्पा ब्युरेट अशी लावत की आकडे भिंतीकडे जात. मी सांगून पाहिले की रीडिंग दाखवले तर दर्शक वाढतील. ते म्हणाले, "वाढू दे न्हाईतर ऱ्हाऊ दे. आकडा ज्याचा त्यानं काढायचा."

पहिली रक्कम खात्यात आली तेव्हा त्यांनी तिला कमाई म्हटले नाही. मानधन म्हटले. दुसऱ्या दिवशी अर्धा किलो पेढे घेऊन ते शिक्षककक्षात गेले आणि खोका टेबलाच्या मधोमध ठेवला. पुढच्या वर्षी ते निवृत्त झाले. शाल, नारळ, भिंतीवरचे घड्याळ आणि निर्लेखित, म्हणजे मोडीत काढलेल्या, साहित्यातली, टोक किंचित उडालेली एक ब्युरेट एवढे घेऊन घरी आले. मी एम.एस्सी.ला गेले. चॅनल तिथेच थांबले. पण जुने व्हिडिओ दर परीक्षेच्या हंगामात पाहिले जात, रक्कम कशीबशी साठे, आणि निवृत्त मामा वर्षातून एकदा पेढे घेऊन शाळेत जात. मी माझ्या प्रत्येक अर्जात 'विज्ञानप्रसार' या शीर्षकाखाली त्या चॅनलचा उल्लेख करी. चॅनल उघडून मात्र पाहिले नव्हते.

तर रविवारी मी सकाळच्या एसटीने कळंबला गेले. पिशवीत ऑक्झॅलिक आम्ल, पोटॅशियम परमँगनेट आणि सौम्य गंधकाम्लाची छोटी बाटली होती. आमच्या प्रयोगशाळेच्या साहेबांना विचारून घेतलेली. एकच प्रयोग, सहा मिनिटांचा. दुपारच्या गाडीने परत. योजना नेटकी होती.

आईने दारातच पिशवीत डोकावले. "इहिरीत टाकायचं लाल औषध हाय ना हे? माझ्या ओट्यावर डाग पडला तर तूच घासायचा, सांगून ठिवते."

"घासते."

"आन् गॅस किती वेळ अडवणारंय? भाजी हुयाचीय अजून."

"भाजी करून घे गं तू आधी. आप्पांना तयारी करू दे."

आप्पांची तयारी झालेलीच होती. ब्युरेट धुऊन, सुकवून, शिवणयंत्राच्या बैठकीला बांधलेल्या लोखंडी गजावर उभी केली होती. आकडे भिंतीकडे. त्यांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता, बाह्या कोपरापर्यंत दुमडल्या होत्या. आणि त्यांचा डावा हात कापत होता.

हे मला ठाऊक नव्हते असे नाही. कळंबच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या होत्या, फोनवर मी त्यांची नावे लिहून घेतली होती. पण हात कापतो ही माहिती वेगळी आणि उजव्याने फ्लास्क हलवत डाव्या हाताने तोटी सोडायची असते हे समोर दिसणे वेगळे. हे अनुमापन शेवटी एका थेंबावर येऊन ठेपते. गरम द्रावणात जांभळा थेंब पडतो, रंग नाहीसा होतो; पुन्हा पडतो, पुन्हा नाहीसा होतो; आणि मग एका थेंबाला फिकट गुलाबी छटा येते आणि टिकते. तिथे थांबायचे. एक थेंब अधिक गेला की प्रयोग फुकट.

पहिल्या खेपेला द्रावण गडद झाले. आप्पा म्हणाले, "हे पायलट धर. अंदाजाचं." दुसऱ्या खेपेला तेच. तिसऱ्या खेपेला शेवटच्या क्षणी तोटी त्यांच्या बोटांतून अशी फिरली की काचेचा फ्लास्क जांभूळ पिळल्यासारखा दिसू लागला. आई दारात उभी होती.  

मी फोन स्टुलावरून काढला. "आप्पा, तोटी मी सोडते. आवाज तुमचाच राहील."

ते बाजूला झाले. मी बसले. माझ्या हाताला हे रोजचेच आहे. पहिल्याच खेपेला छटा आली आणि टिकली. आप्पांनी शेजारून प्रयोग सांगितला, जसा नेहमी सांगत तसाच, घाई न करता. आईने फोन धरला. सहा मिनिटांच्या जागी पाच मिनिटे लागली. ते चित्रण पाहून आप्पा म्हणाले, "आकडं झाकलीस. चांगलं केलंस. हात बी लई चांगला बसलाय तुजा."

"मग टाकते."

"टाक की. पर मानधन तुज्या खात्यावर घे."

मला वाटले ते थट्टा करत आहेत. "माझ्या कशाला? चॅनल तुमचं आहे."

"हात तुजा हाय." ते बाह्या खाली करू लागले. बटण लागत नव्हते. आईने पुढे होऊन लावले. "तीस वर्सं म्या मांडामांड केली आन् सही दुसऱ्यानं केली. कुणाला काय बोललो न्हाय. पर तसलं मानधन घेऊन पेढं वाटायचं म्हंजे... न्हाय बाई. ते मला जमायचं न्हाय."

मी युक्तिवाद केला. मला तो चांगला येतो. आवाज तुमचा आहे, पद्धत तुमची आहे. जुने सगळे व्हिडिओ तुमच्याच हातांचे आहेत आणि पैसे त्यांचेच येतात. हा नवा व्हिडिओ केवळ औपचारिकता आहे. प्रत्येक विधान बरोबर होते. आप्पांनी सगळी ऐकून घेतली आणि ब्युरेट धुवायला घेऊन गेले. आई मला हळूच म्हणाली, "नको ताणूस आता. एवढा शर्ट इस्त्री करून बसले होते सकाळधरनं."

दुपारची गाडी मिळाली. खिडकीशी बसून मी तो व्हिडिओ उघडला आणि बंद केला. मानधन माझ्या खात्यावर मला नको होते; त्यांना न सांगता, खाते त्यांचेच ठेवून, टाकता आला असता. त्यांना कळायला काही महिने लागले असते. पण मग कधीतरी रक्कम आली असती, आणि त्यांनी विचारले असते. मी टाकला नाही. उरलेल्या दिवसांत रोज एकदा तो विचार आला आणि रोज पाण्याच्या नमुन्यांखाली दबून गेला. मला वाद घालण्याचाही कंटाळा आला होता, स्वतःशीसुद्धा.

दुसरा ई-मेल वेळेवर आला. तो मी आप्पांना फोनवर वाचून दाखवला.

"मंग जाहिराती बंद व्हतील का आता? पोरांना तेवढीच सोय हुईल."

"नाही, आप्पा. जाहिराती दाखवायच्या की नाही ते कंपनी ठरवणार. दाखवू शकते. फक्त आपला हिस्सा बंद."

पलीकडे ते हसले असावेत. "म्हंजे शाळंसारखंच की."

फेब्रुवारीत शाळेने त्यांना बोलावून घेतले. परिचराची जागा अजून भरलेली नाही आणि द्रावणे करणारे कोणी नव्हते. ते दोन दिवस गेले. परीक्षा आटोपल्यावर शिक्षककक्षात कोणीतरी विचारले, "मामा, या वर्षी तुमचं मानधन कुठं अडकलं?" आप्पांनी सांगितले, "बंद झालं. हात ऱ्हायला न्हाय." एवढेच. हे मला आईने सांगितले; त्यांनी सांगितले नाही.

त्यानंतरच्या रविवारी मी घरी गेले तेव्हा त्यांनी कपाटातून कागदाची पुडी काढून माझ्यापुढे ठेवली. आत एक पेढा होता. परीक्षक झालेल्या बाईंनी आणलेल्या खोक्यातला. त्यांनी स्वतः न खाता माझ्यासाठी ठेवलेला. खवा वाळून कडक झाला होता, कागदाला चिकटला होता. मी निम्मा त्यांना दिला. आम्ही दोघांनी तो बराच वेळ चघळला.

तो पाच मिनिटांचा व्हिडिओ अजून माझ्या फोनमध्ये आहे. जागा संपत आली की काढून टाकण्याजोग्या गोष्टींची यादी फोन दाखवतो, त्यात तो सर्वांत वर असतो. मी बाकीचे काही काढून टाकते.