हवालदारांच्या पिकअपचा काळा धूर

"मिस्त्री, एक तर तुमचं मशीन खोटं बोलतंय, न्हाईतर साताऱ्याचं. दोन्ही खरी कशी असतील?"

हवालदारांनी पिकअपची किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. मी खुर्ची पुढे केली तरी ते बसले नाहीत. फौजेतून ड्रायव्हर म्हणून रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, पण राग आला की हा माणूस अजून सावधानमध्ये उभा राहायचा. राग रास्तच होता. त्यांची जुनी डिझेल पिकअप साताऱ्याला पासिंगमध्ये दुसऱ्यांदा नापास झाली होती, आणि आदल्याच दिवशी मी तिला माझ्या मशीनवर पास करून पाठवली होती.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. मलकापूरला हायवेच्या कडेला इंजिनात डिझेल सोडणारे पंप आणि नोझल दुरुस्त करण्याचं माझं वर्कशॉप होतं. धुराचे नियम आले तसं मी स्मोक मीटरही घेतलं. ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगतो. माल वाहणाऱ्या गाडीला आरटीओकडून ठरावीक मुदतीने फिटनेस घ्यावा लागतो. त्याला आमच्याकडे पासिंग म्हणतात. ब्रेक, लाईट, स्टिअरिंग सगळं बघतात आणि धूरही. धूर मोजायची रीत सोपी आहे. इंजिन गरम करायचं, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवायची आणि अ‍ॅक्सिलरेटर एकदम तळापर्यंत दाबायचा. सायलेन्सरच्या तोंडात घातलेल्या नळीतून धूर मशीनमध्ये जातो. धूर जितका काळा, तितका काटा वर.

धुराच्या रंगावरून बरंच कळतं. निळा असेल तर इंजिन ऑइल खातंय. पांढरा असेल तर डिझेल न जळताच बाहेर पडतंय. काळा असेल तर एकतर डिझेल जास्त जातंय किंवा हवा कमी पडतेय. हवालदारांच्या गाडीचा धूर साताऱ्याला काळाकुट्ट निघाला होता.

पहिल्यांदा नापास झाल्यावर त्यांनी गाडी माझ्याकडे आणली, तेव्हा दोष खरोखरच सापडले होते. नोझल गळत होते, पंप डिझेल जास्त सोडत होता. मी दोन्ही कामं केली. एअर फिल्टरही उघडला. त्या गाडीला जुन्या पद्धतीचा डबा होता, तळाशी ऑइल असलेला. हवा त्या ऑइलवरून जाते आणि धूळ खाली बसते. गुऱ्हाळावरून गूळ वाहणाऱ्या गाडीचा डबा चिपाडाच्या भुशाने भरलेला असणार, हे मी धरूनच चाललो होतो. पण आतून तो घासलेल्या पातेल्यासारखा होता. मला कौतुक वाटलं, आणि मी झाकण लावून टाकलं. कौतुक वाटलं तिथेच थांबून विचार करायला हवा होता, पण ते नंतरचं शहाणपण.

आता ते पुन्हा समोर उभे होते. मी गाडी लगेच मशीनवर घेतली. काटा आरामात हद्दीच्या आत. पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर दाबला. तेच. माझं मशीन मी दुसऱ्या एका चांगल्या गाडीवर तपासून बघितलं, तेही ठीक. हवालदार माझ्याकडे बघत होते आणि मी सायलेन्सरकडे.

"आरटीओच्या साहेबांनी अजून एक संधी दिलीया," ते म्हणाले. "पुढच्या बुधवारी. गुऱ्हाळं सुरू व्हायला आली. फिटनेस नसंल तर गुऱ्हाळवाले दुसरी गाडी बघणार. मंग मी पुण्याला जातो. मेव्हण्यानं सिक्युरिटीचं काम बघून ठिवलंय."

हे त्यांनी हवामान सांगावं तसं सांगितलं. पण मला त्यांचं घर माहीत होतं. लग्न झाल्यापासून हा माणूस सुट्टीपुरताच गावात दिसलेला. पेन्शन घेऊन आले, जुनी पिकअप घेतली, आणि पहिल्यांदाच नवरा-बायको बारा महिने एका घरात राहू लागले होते. ती गाडी बंद पडणं म्हणजे पुन्हा तेच सुट्टीपुरतं घर.

मी म्हणालो, "बुधवारी मी तुमच्यासोबत येतो. तुमच्या घरापासून साताऱ्यापर्यंत. गाडी कुठं बिघडते ते माझ्या डोळ्यांनी बघतो."

बुधवारी सकाळी एसटीने उंब्रजला उतरून मी त्यांच्या गावी गेलो. पिकअप अंगणात धुऊन पुसून उभी होती. ओट्यावर फौजेची काळी लोखंडी ट्रंक उघडी टाकून उन्हात ठेवलेली दिसली. पुण्याची तयारी आधीच सुरू झाली होती तर. त्यांच्या पत्नी शालनवहिनींनी चहा दिला आणि मग गाडीकडे गेल्या. बॉनेटला हळदकुंकू लावलं. हे आमच्याकडे सगळेच करतात, त्यामुळे मी चहा पीत राहिलो. पण त्यानंतर त्यांनी बॉनेट उघडलं.

दोरीवरून त्यांनी एक ओलं फडकं काढलं. जुन्या लुगड्याचं, चांगलं जाडजूड. त्याची चार पदरी घडी केली, एअर फिल्टरच्या तोंडावर घट्ट बसवली आणि सुतळीने आवळून बांधली. हात इतका सरावाचा होता की ही रोजची गोष्ट आहे हे न विचारताच कळलं.

मी कप खाली ठेवला. "वहिनी, हे काय?"

"गुऱ्हाळावर लय भुसा उडतो, भाऊ," त्या म्हणाल्या. "त्यो गाडीच्या छातीत जाऊ नये म्हनून. पानी गाळतो, तशी हवा गाळायची."

"आणि माझ्याकडे आणताना?"

"तुमच्याकडं न्यायच्या आदी काडून धुते की. डाक्टरकडं मळकं कापड कसं धाडायचं? साताऱ्याला जायचं तवा मातुर नेमानं बांधते. हायवेची धूळ काय कमी हाय?"

खरं सांगतो, आधी मला संतापच आला. मी पंप उतरवला, नोझल बदलले, माझ्या मशीनवर शंका घेतली, रात्रीची झोप घालवली, आणि दुखणं चार पदरी लुगड्यात होतं! मी हवालदारांकडे वळलो. हे तुम्हाला माहीत होतं का, असं जरा वरच्या आवाजात विचारलं.

त्यांचा चेहरा पडला. राजस्थानात वाळूचं वादळ आलं की फौजेतले ड्रायव्हर गाडीच्या फिल्टरवर कापड बांधायचे. सुट्टीवर आल्यावर त्यांनीच ते बायकोला कौतुकाने सांगितलं होतं. वादळ ओसरलं की कापड काढायचं असतं, हे सांगायचं राहून गेलं. गाडी आली तेव्हा वहिनींना तेवढंच आठवलं. आणि ते कापड दुरुस्तीशी संबंधित आहे, हे हवालदारांच्या डोक्यातच आलं नाही. घरची गोष्ट मिस्त्रीला काय सांगायची?

मी आणखी बोललो असतो. पण शालनवहिनी हळूच म्हणाल्या, "गाडी चालली तरच ह्ये घरी ऱ्हात्यात, भाऊ. म्हनून तिला जपते."

माझा राग तिथेच बसला. मी इंजिन गरम करायला सांगितलं. खिशातला पांढरा रुमाल सायलेन्सरच्या मागे धरला आणि हवालदारांना अ‍ॅक्सिलरेटर दाबायला सांगितलं. रुमाल काळा झाला. मग वहिनींना म्हणालो, आता तुमच्याच हाताने ते फडकं सोडा. त्यांनी सुतळी सोडली. साठलेली काजळी जावी म्हणून मी दोनचारदा रेस करायला लावली, मग रुमालाची दुसरी बाजू धरली. अ‍ॅक्सिलरेटर पुन्हा तळापर्यंत. रुमालावर फिकट राखाडी डाग, बस्स.

वहिनी दोन्ही बाजू उलटसुलट करून बघत राहिल्या.

"म्हंजी मीच तिचं नाक दाबून धरलं हुतं," त्या म्हणाल्या.

"शिकिवलं मी," हवालदार म्हणाले. "अर्धंच शिकिवलं."

त्या दिवशी साताऱ्याला आम्ही तिघंही गेलो. वहिनींनी हट्टच धरला. फडकं त्यांनी मांडीवर घेतलं होतं. नागठाण्याच्या पुढे समोरच्या ट्रकची धूळ काचेवर आली, तेव्हा त्यांचा हात नकळत सुतळीकडे गेला आणि त्यांनी तो मागे घेतला.

आरटीओच्या मैदानावर रांग होती. इन्स्पेक्टर साहेबांनी गाडी ओळखली आणि, परत आलात का, असं विचारलं. नळी घातली. हवालदार सीटवर ताठ बसले. साहेबांनी हात वर केला, अ‍ॅक्सिलरेटर दाबला गेला, आणि काटा थोडा उठून हद्दीच्या बराच खाली थांबला. साहेबांनी खात्री करण्यासाठी पुन्हा दाबायला लावला. काटा पुन्हा तिथेच.

"काय केलंत?" साहेबांनी मला विचारलं.

मी म्हणालो, "काही नाही साहेब, हवा मोकळी केली."

वहिनींची काळजी मात्र चुकीची नव्हती. चिपाडाचा भुसा खरोखरच इंजिन खातो. म्हणून पुढच्या आठवड्यात मी त्यांच्या फिल्टरच्या तोंडाला पत्र्याची नळी जोडून ते उंचावर नेलं. डब्यातलं ऑइल कधी बदलायचं, खुणेच्या वर का भरायचं नाही, ते त्यांना दाखवलं. गाडी गुऱ्हाळाच्या वाऱ्याला उभी करायची नाही, हे हवालदारांना बजावलं. ती पिकअप पुढे कैक वर्षं त्या रस्त्यावर चालली. धुरासाठी परत कधी नापास झाली नाही.

माझ्याही कामात एक बदल झाला. मीटर, पंप, नोझल सगळं बघून झालं की मी गिऱ्हाईकाला शेवटी एक प्रश्न विचारू लागलो: घरी या गाडीला लाडानं काय काय करता? लोक आधी हसतात, मग सांगतात. माझी निम्मी दुरुस्ती त्या उत्तरातच निघते.

ती नळी बसवायला गेलो, तेव्हा ओट्यावर ट्रंक नव्हती. मी सहज विचारलं. शालनवहिनींनी आतल्या खोलीकडे बोट केलं. ट्रंक भिंतीला लावून ठेवली होती आणि तिच्यात काठोकाठ ज्वारी भरली होती.

"ह्यास्नी म्हनावं, आता उचलून दावा," त्या म्हणाल्या.